परक्या चुलीपाशी

दिवाळीच्या दिवसांत शेजारच्या घरून फराळाचे ताट येते. त्यावर क्रोशाचा रुमाल असतो. ते ताट रिकामे परत पाठवायचे नसते, हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. आईला करताना पाहिलेले असते, एवढेच. घरात दुसरे काही नसले तर बायका चिमूटभर साखर घालतात, पण ताट रिकामे जाऊ देत नाहीत. ह्या साध्या रीतीत मला फार शहाणपण भरलेले दिसते. ताट रिकामे गेले तर देणारी वर चढते आणि घेणारी खाली उतरते. उलट, आलेल्या चकल्या मोजून तितक्याच चकल्या त्याच संध्याकाळी परत गेल्या, तर ते वाण्याचे दुकान झाले. म्हणून आपण थोडे थांबतो, थोडे निराळे घालतो, आणि दोन घरांतला हिशेब कधी पुरता मिटू देत नाही. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली देणगी ह्या विषयावर एक प्रबंध लिहिला. देणे, घेणे आणि परतफेड करणे ही तिन्ही बंधने जुन्या समाजांत किती कसोशीने पाळली जात, हे त्याने त्यात दाखवले आहे. त्यातले मधले बंधन, घेण्याचे, आपल्या सहसा ध्यानात येत नाही. देण्याबद्दल कीर्तनकारांनी आणि शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारांनी आपल्याला पुष्कळ सांगितले. घेण्याचा धडा मात्र कोणत्याही इयत्तेला नाही.

ही ताटाची रीत दोन्ही घरी चूल पेटलेली असते तोवर चालते. पण एका घरचे छप्परच गेले, आणि दुसऱ्या घरचे माणूस मदतीला म्हणून तिथे येऊन राहिले, त्यांच्याच पंगतीला बसून त्यांचेच अन्न खाऊ लागले, म्हणजे मग काय? आता कोण कोणाचे देणे लागते? मदतीला आलेला म्हणून यजमानाने त्याचे उपकार मानायचे, की पोटभर जेवू घातले म्हणून त्याने यजमानाचे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. तो मला जेवणाच्या ताटातल्या एका उकडलेल्या अंड्यामुळे पडला.

२०१७ साली, आषाढ लागल्यापासून दिवाळीच्या आधीपर्यंत, मी नेपाळात गोरखा जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावी लहान मुलांना शिकवायला स्वयंसेविका म्हणून गेले होते. त्याआधी दोन वर्षे, २५ एप्रिल २०१५ रोजी, त्या देशात मोठा भूकंप झाला होता. त्याचे केंद्र ह्याच जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ होते. सुमारे नऊ हजार माणसे गेली. दिवस शनिवारचा होता, वेळ दुपारी बाराच्या आतली. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते. शाळांच्या हजारो खोल्या पडल्या, पण त्या रिकाम्या होत्या; शिक्षकाच्या जातीला हे आठवले की अजून अंगावर काटा येतो. मी गेले तेव्हा शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती. पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या आवाजात पाढे ऐकू येत नसत, मग आम्ही चित्रे काढीत असू.

मी का गेले, हे एका वाक्यात सांगून टाकते. औसा तालुक्यातल्या एका गावात माझे बालपण गेले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिकडे आणि इकडे घरे एकाच तऱ्हेने पडली: दगड आणि मातीच्या जाड भिंती, त्यांवर जड छप्पर. फरक एवढाच की आमच्याकडे गणपती बोळवून दमलेली माणसे घरात झोपली होती.

गोरख्यात ज्या कुटुंबाने मला ठेवून घेतले ते मगर होते. मगर ही तिकडची एक जुनी जमात आहे; आपल्याकडे नाव ऐकून पोरे हसतात. घरात आमा आणि बा, म्हणजे आई आणि वडील. त्यांची सून, आणि तिची दोन मुले. आमांचा मुलगा कतारला बांधकामावर होता. सरकार घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत देत होते. त्यातला पहिला हप्ता घेऊन पाया घातलेला होता, आणि पुढचा हप्ता यायचा होता. तोवर सगळे पत्र्याच्या एका खोलीत राहात होते. तिला लागून एक पडवी होती, तीत चूल. त्या खोलीतली गळत नसलेली बाजू आणि घरातली एकुलती खाट मला मिळाली.

भाषेची अडचण वाटली होती तितकी आली नाही. लिपी आपलीच. शब्दही ओळखीचे भेटत: घागरीला ते गाग्री म्हणतात, चुलीला चुलो, पाहुण्याला पाहुना. त्यांचा कोदो म्हणजे आपली नाचणी. तिच्या पिठाचा घट्ट ढिंडो करतात, आपल्या उकडीच्या जातीचा. त्याबरोबर गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ढिंडो न चावता गिळायला शिकावे लागते, आणि ते आठवड्यात जमते. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. थंड पाणी, जळवा, पहाटेचा काळा चहा आणि थेट दहाला जेवण, ह्या सगळ्याची सवय होते. परक्या घरी राहण्याबद्दल बोलताना लोक ह्याच गोष्टी जास्त सांगतात. मला त्या सांगण्याजोग्या वाटत नाहीत. शरीर फार समंजस असते.

अंड्याची गोष्ट निराळी. घरात तीन कोंबड्या होत्या, त्यांतली एक खुडूक. दिवसाआड एखादे अंडे मिळे. ते उकडून, सोलून, दोन भाग करून, वर मीठ आणि तिमुर टाकून माझ्या ताटात येई. तिमुर हे आपल्या कोकणातल्या तिरफळाचे भावंड. मुले समोर गुन्द्रीवर, म्हणजे गवताच्या चटईवर, बसलेली असत. ती मागत नसत. धाकटी फक्त अंड्याकडे पाही, आणि आपल्याकडे कोणी पाहते आहे असे दिसले की ढिंड्याकडे पाही. मी ज्यांना शिकवायला आले होते त्या मुलांच्या तोंडचे अंडे मी खात होते. मदतीच्या हिशेबाची वही उघडली तर पहिल्याच पानावर हे लिहावे लागले असते.

वाचणाऱ्या भगिनी लगेच म्हणतील, मग अंडे मुलांना द्यायचे! सांगायला सोपे आहे. पण क्षणभर आमांच्या जागी बसून पाहा. पाहुणीने आपल्या ताटातले उचलून आपल्याच नातवंडांच्या ताटात घातले, तर त्याचा अर्थ काय होतो? एक अर्थ असा की, तुमच्या घरची पोरे उपाशी आहेत हे मला दिसले. दुसरा असा की, तुमच्याच कोंबडीच्या अंड्यावर मी उदार झाले. आमांनी जे दिले ते त्यांच्याकडून काढून घेऊन, त्याच पुन्हा मी दिल्यासारखे करायचे. ह्यात मुलांच्या पोटात अंडे जाते हे खरे. पण आजीच्या हातून काहीतरी जाते, आणि भूकंपानंतर तिच्या हातात फारसे उरलेले नसते.

हे मला ठाऊक होते, कारण चुलीच्या त्या बाजूला मी एकदा बसलेली होते. किल्लारीनंतर आमच्या गावात मदतीला पुष्कळ माणसे आली. आमचे घर तडकले होते, पडले नव्हते. शहरातली एक तुकडी शाळेच्या पटांगणात तंबू टाकून राहिली. फार सज्जन मुले होती ती. गावावर भार नको म्हणून खाण्याचे डबे, पाण्याचे कॅनसुद्धा त्यांनी बरोबर आणले होते. माझी आजी भाकऱ्या आणि ठेचा घेऊन गेली, तर त्यांनी हात जोडून नको म्हटले. तुम्हालाच लागेल, असे फार प्रेमाने म्हटले. आजी परत आली आणि चुलीशी बसून म्हणाली, "आमच्या घरचं पाणी चालंना का ह्यान्ला?" आपल्या मुलखात कुणाच्या घरचे अन्नपाणी नाकारण्याला फार जुना आणि फार कडू अर्थ आहे. नाकारणारा कोणत्या भावनेने नाकारतो ते विचारायला कोणी थांबत नाही. त्याच तुकडीतला एक मुलगा मात्र संध्याकाळी आपण होऊन आला, ओसरीवर बसला, दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मागून घेतली, आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आले तरी हसत राहिला. आजी पुढे सतरा वर्षे जगली. त्या मुलाचे नाव तिला शेवटपर्यंत आठवत होते. त्याने गावात काय काम केले, ते तिला कधीच सांगता आले नाही.

म्हणून मी अंडे खाल्ले. दोन महिने खाल्ले. ते बरोबरच होते असे मला आजही वाटते, आणि ते घशाखाली उतरताना दर वेळी अडत होते हेही तितकेच खरे आहे. नीतीची पुस्तके लिहिणाऱ्यांना असे वाटत असावे की, योग्य काय ते एकदा ठरले म्हणजे टोचणी थांबते. तसे होत नाही.

अशा वेळी आपल्यासारखी माणसे पैशाकडे वळतात. मला पाठवणारी संस्था आमांना माझ्या जेवणाखाण्याचे रोजचे पैसे देत होती. आमच्यातल्या एका स्वयंसेवकाचे म्हणणे असे की, पैसे दिले की प्रश्न मिटला. मी गिऱ्हाईक, ते खाणावळवाले, उपकार कोणाचेच नाहीत. ह्या मताला नाक मुरडू नये. पैशात एक स्वच्छपणा असतो. आमांना ते पैसे हवे होते; त्यांनी ते घेताना लाजल्यासारखे केले नाही, मोजून घेतले, आणि त्यातून सिमेंटची पोती आली. "छे, पैशाचे काय एवढे!" हे वाक्य ज्याच्या खिशात पैसे असतात त्यालाच परवडते. पण पैशाने तांदळाची किंमत फिटते. पावसात गळत नसलेली बाजू मला दिली आणि आमा स्वतः पातेल्यांच्या मधे झोपल्या, ते कोणत्या भावाने मोजायचे? दररोजच्या दरात अंडे धरलेले नव्हते. ते वरचे होते. सगळी गोम त्या वरच्यात आहे.

इव्हान इलिच ह्या धर्मगुरूने १९६८ साली, मेक्सिकोत सेवेला जाऊ पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की, पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, आणि ते तुमच्याबद्दल काय म्हणतात ते तुम्हाला कधी कळणार नाही, असा त्याचा रोख होता. त्याचे भाषण वाचताना मला ते पटत गेले. मात्र एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली असे वाटते: त्याने पाहुण्याला पुष्कळ बोल लावले, पण यजमानालाही काही करता येते हे त्याने जमेस धरले नाही. जिच्या घरी तो पाहुणा उतरतो ती बाई काही मातीची बाहुली नसते. पाहुण्याचे काय करायचे, हे तीही ठरवीत असते.

त्याच्या पूर्वी पुष्कळ वर्षे पिएर सेरेसोल ह्या स्विस इंजिनियराने दुसरी वाट काढली होती. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूनजवळच्या एका खेड्यात १९२० साली त्याने निरनिराळ्या देशांची माणसे नेली, त्यांत काल परवापर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते, आणि हातात फावडी घेऊन बांधकामाला सुरुवात केली. ते काम काही महिन्यांतच थांबले. पण १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला तेव्हा हाच मनुष्य आपले सोबती घेऊन इतक्या दूर आला आणि गावे वसवायला राबला. तोच भूकंप नेपाळातही झाला होता. विक्रम संवत १९९० म्हणून तिकडे त्याला नुसते 'नब्बे साल' म्हणतात. बांच्या वडिलांनी तो पाहिलेला होता. सेरेसोलच्या वाटेतली मला आवडणारी गोष्ट ही की, अंगमेहनतीच्या कामात सांगणारा आणि ऐकणारा पालटत राहतात. भिंत कशी रचायची हे गावचा गवंडी सांगतो, आणि युरोपातला इंजिनियर दगड उचलून देतो.

आमच्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट तर घरोघरी ठाऊक आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. बाकीचे परत आले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, तिथल्या एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, त्यांना मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. चिनी लोकांनी त्यांना आपल्यातले नाव दिले, के दीहुआ. पाहुणेपण संपवण्याची ही एक रीत झाली: परत यायचेच नाही. ती सगळ्यांना जमणारी नाही, आणि सगळ्यांनी तसे करावे असेही मी म्हणणार नाही. आपल्या शास्त्रकारांनी अतिथी त्याला म्हटले की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही. आजच्या स्वयंसेवकाच्या येण्याची तिथी ठरलेली असते आणि जाण्याचीही. माझ्या पिशवीत परतीचे तिकीट होते, आणि ते आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. धाकट्या नातीलासुद्धा.

ह्या तिकिटाचा विचार मी रात्री पडल्या पडल्या पुष्कळ केला, आणि तो मला आमांच्या सुनेकडे घेऊन गेला. ती मला दिदी म्हणे. दोन दऱ्या पलीकडचे तिचे माहेर. ह्या घरात ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वर्षभराने नवरा कतारला गेला. परक्या घरची चूल, परक्या घरचा उठण्याचा वेळ, तिखटामिठाचे परके प्रमाण, हे सगळे तिने अंगवळणी पाडले. मी केले ते चार महिने, आणि त्याबद्दल माझे कौतुक झाले. परत आल्यावर तालुक्याच्या वाचनालयात सत्कारसुद्धा झाला, शाल आणि श्रीफळ. आपल्याकडच्या नि तिकडच्या कोट्यवधी बायकांनी हेच आयुष्यभरासाठी केले आहे, त्यांना कोणी शाल दिली नाही. परक्या घरी जुळवून घेण्याचे शास्त्र कोणाला लिहायचे असेल तर त्याने विद्यापीठात जाण्याऐवजी कोणत्याही सुनेपाशी बसावे. माझ्या मनातल्या बऱ्याच शंका ह्या बाईने दोन वाक्यांत सोडवल्या. मी तिला विचारले, ह्या घरात तू पाहुणी कधीपर्यंत होतीस? ती भांडी घासत होती. म्हणाली, "सासूबाई गोड बोलायच्या तोवर. मग एक दिवस म्हणाल्या, एवढ्या उशिरापर्यंत झोपतात का? त्या दिवशी मी रडले, पण दुसऱ्या दिवसापासून मला भूक लागायला लागली."

नेपाळी भाषेत समोरच्याला हाक मारण्याचे तीन दर्जे आहेत: तँ, तिमी, तपाईं. आपले तू, तुम्ही, आपण जवळजवळ तसेच. आमा मला तपाईं म्हणत. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी बाई मला आपण म्हणते, आणि पुढ्यात अंडे ठेवते. ह्या दोन गोष्टी एकच होत्या हे मला उशिरा कळले. श्रावणातल्या एका सकाळी खालच्या वाटेवर दरड कोसळली म्हणून शाळा भरणार नव्हती. सून नाचणीच्या लावणीला गेली होती. मी दारात वही घेऊन बसले होते. आमांनी माझ्याकडे पाहिले, रिकामी गाग्री माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "पानी लिएर आऊ त." पाणी घेऊन ये बघू. क्रियापद तिमीचे होते.

धारा, म्हणजे पाण्याची जागा, दीडशे पायऱ्या खाली होती. भरलेली गाग्री डोक्यावर ठेवून वर येताना मी तीन वेळा थांबले. आमच्या गावी आम्ही विहिरीवरून पाणी आणत असू, पण ते सपाटीवर. आमांनी गाग्रीत डोकावून पाहिले, आणि अर्धी सांडली आहेस, असे काहीसे मगर बोलीत बाला म्हणाल्या. मग दोघे हसले. त्या दिवसापासून पाणी माझ्याकडे आले. पुढे मक्याची कणसे सोलणे आले, कोंबड्या झाकणे आले. आणि एक दिवस अंडे थोरल्याच्या ताटात दिसले. दुसऱ्या खेपेला धाकटीच्या. मग माझ्या. पाळी लागली. कोणी काही बोलले नाही. घराच्या रांगेत मला मिळालेली ही जागा, थोरल्याच्या नि धाकटीच्या मागे.

मी विचार करते तो असा की, ताटातले अंडे नाकारण्याचा हक्क पाहुणीला नाही. पण ज्या कारणाने ते तिच्या ताटात येते ते कारण नाहीसे करण्याची वाट तिला असते. आणि ती वाट तिच्या हाती अर्धीच असते. उरलेली अर्धी यजमानीण उघडते, काम सांगून, क्रियापद बदलून, कधी रागावून. पाहुणीने इतकेच करायचे की दारात बसायचे, आणि गाग्री पुढे आली की उठायचे. आपण होऊन गाग्री उचलायला जाणे हे निराळे. पहिल्या आठवड्यात मी उचलायला गेले तेव्हा आमांनी ती माझ्या हातातून काढून घेतली होती. सेवा करायला उत्सुक असलेल्या माणसाचे काम यजमानाला सांगावेसे वाटायला वेळ लागतो. तो वेळ शहरी माणसाला फार जड जातो. त्याला आल्या दिवशी उपयोगी पडायचे असते.

एवढे झाले म्हणून देणे फिटले काय? मुळीच नाही. मी मुलांना काय दिले, ते विचारता? तिसरीच्या मुलांना वजाबाकीचा हातचा समजला. हे काम तिथला शिक्षकही करता, कदाचित माझ्याहून बरे. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही. चार महिन्यांत परका माणूस एवढेच करू शकतो, आणि एवढे पुरते.

पण ह्या सगळ्या विचाराला एक भगदाड आहे, आणि ते मला बांनी दाखवले. दाखवायचे म्हणून दाखवले नाही. भाद्रपदात पाऊस उघडीप देऊ लागला तेव्हा रात्री चुलीशी बसणे लांबे. बा बोलत ते माझ्याशी हिंदीत. त्यांचे हिंदी मुंबईचे होते, मधेच "कायको" आणि "खाली पीली" येणारे. १९५० च्या करारापासून नेपाळी माणूस आपल्या देशात विनापरवाना येऊन राहू शकतो, काम करू शकतो, आणि लाखो माणसे तसे करीत आलेली आहेत. बा चौदा वर्षे मुंबईच्या एका उपनगरात चार मजली इमारतीचे वॉचमन होते. जिन्याखाली त्यांची जागा होती. त्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे, बहुतेक मराठी. कोणाचा मुलगा कितवीत होता, कोणाचे आजारपण कोणते, हे ते मला चौदा वर्षांच्या अनुक्रमाने सांगत. एका घरच्या मुलीच्या लग्नात मांडवाचे बांबू त्यांनी बांधले होते. मी विचारले, त्या घरांपैकी कोणाच्या घरी तुम्ही जेवायला बसला होता का? त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाले, जेवण पुष्कळ वेळा मिळे, सणासुदीला तर नक्की. डब्यात घालून खाली देत.

ही दोन घरे मी शेजारी शेजारी ठेवून पाहते. बा चौदा वर्षे आमच्यात राहिले, आमची दारे राखली, आणि उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी चार महिन्यांसाठी गेले, आणि पहिल्या रात्री मला खाट मिळाली. मी मदत करायला आलेली म्हणून पाहुणी ठरले. ते पोट भरायला आलेले म्हणून नोकर ठरले. परक्या मुलखात जाणाऱ्याला पाहुणा म्हणायचे की आणखी काही, हे त्याच्या वागण्यावर ठरते असे मी वर लिहिले खरे. पण ते त्याआधीच, तो कोणत्या देशातून कोणत्या देशात आणि खिशात किती घेऊन निघाला ह्यावर, बरेचसे ठरून गेलेले असते. इमॅन्युएल कान्ट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९५ साली लिहिले की, परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क आहे, पाहुणा म्हणून घरात घेतले जाण्याचा मात्र नाही. बांना त्या इमारतीत कान्टच्या मापाने पूर्ण न्याय मिळाला असे म्हणावे लागेल. कोणी त्यांना शत्रूसारखे वागवले नाही.

त्यांचा एक कप होता, पांढरा, दांडी तुटलेला. तो विजेच्या मीटरच्या पेटीवर ठेवलेला असे. सकाळी कोणीतरी वरून चहा आणून त्यात ओती; पिऊन झाला की बाहेरच्या नळावर धुऊन पुन्हा पेटीवर. हे सांगताना बांच्या आवाजात तक्रार नव्हती. मनुष्य जिथे तरुणपण घालवतो त्या जागेबद्दल जसे बोलतो तसे ते बोलत होते. पगार दर महिन्याच्या सात तारखेला मिळे, एकदाही चुकला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मग त्यांना आठवले की मी लातूरकडची. आमच्याकडे भूकंप झाला त्या वर्षी ते मुंबईतच होते. इमारतीत घरोघर कपडे गोळा केले होते, चादरी, स्वेटर, आणि त्यांचे गठ्ठे बांधून ट्रकवर चढवण्याचे काम बांकडे आले होते. एकोणीस गठ्ठे होते, ते म्हणाले. लाकूड चुलीत सारून त्यांनी मला विचारले, ते तुमच्या लोकांना पोचले का?

मी म्हटले, पोचले. आमच्या शाळेच्या ओसरीत गठ्ठ्यांचा ढीग लागला होता, आणि वाटप चालू होते तेव्हा मी रांगेत उभी होते.